तीनदा धुतलेली टाकी

कौंटीचं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या तण-खात्याचं, पत्र आलं त्या सकाळी माझा नवरा मेनो तळ्याच्या बांधावर फावड्याने काटाच उपटत होता. पत्रातही तेच लिहिलेलं: तुमच्या कुरणात जांभळ्या बोंडाचा काटा माजलाय, बी धरायच्या आत त्याचा नायनाट करा, पंधरा दिवसांत केला नाहीत तर आमची माणसं येऊन करतील. मी पत्र बांधावर नेऊन दिलं. त्याने हातमोजा काढून ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. चारचौघांत कुणी मुस्काटात मारावी तसा चेहरा झाला होता त्याचा.

"लवोनाचं काम हे," तो म्हणाला.

लवोना म्हणजे माझी नणंद, मेनोची थोरली बहीण. आमच्या कुरणाला लागूनच तिचं घर आणि पाच एकर. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा मधलं कुंपण मेनोने घातलं, आणि ते आठ फूट आपल्या हद्दीत आलं असं लवोनाचं म्हणणं. मोजणी करू म्हणाली. मेनो म्हणाला, सख्ख्या बहिणीशी मोजणी कसली करायची? झालं, तिथपासून जे बोलणं बंद पडलं त्याला बारा वर्षं झाली. दोघं एकाच चर्चमध्ये येणार, तीन बाकांच्या अंतराने बसणार, एकाच पुस्तकातलं गाणं म्हणणार आणि पायऱ्या उतरताना एकमेकांकडे पाठ करणार. दोघांची हनुवटीही एकसारखी, हट्टही एकसारखा. कुणाला सांगून उपयोग नाही.

लवोना टोमॅटो लावते. अकरा ओळी. शनिवारी सकाळी गावच्या बाजारात तिच्या मेजापुढे लोक आधीपासून येऊन उभे असतात. तिने लग्न केलं नाही, नोकरीला बरीच वर्षं होती ती शाळेच्या स्वयंपाकघरात, आणि आता तिचा सगळा जीव त्या अकरा ओळींत. आमचा काटा फुलला की त्याच्या म्हाताऱ्या उडत उडत तिच्या वाफ्यात जाऊन पडायच्या. म्हणजे तिची तक्रार काही खोटी नव्हती. हे मी मेनोला बोलून दाखवलं नाही. मला त्याच्याबरोबर संसार करायचा होता.

तीस एकर कुरण आणि मेनोचं वय एकोणसत्तर. उजवा खांदा असा गेलेला की शर्टात हात घालताना मला बाही धरावी लागायची. तिसऱ्या दिवशी त्याला फावडं उचलेना, तेव्हा मी सांगितलं, पुरे झाली मर्दुमकी, ट्रॅक्टरला लावायचा फवारा आणू या.

अवजारांच्या दुकानात मेनो गेला तो थेट शंभर गॅलनच्या टाकीपाशी. बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी तिच्यावर थाप मारली. दुकानातल्या माणसाने ट्रॅक्टर कोणता म्हणून विचारलं. मेनोने सांगितलं. तो माणूस काही वाईट नव्हता, पण हसला. पंचवीस घोड्यांचा ट्रॅक्टर हा, म्हणाला, शंभर गॅलन मागे टांगलेत तर पुढची चाकं आभाळ बघतील. मागे उभा असलेला एक जणही हसला. मेनोचे कान लाल झाले. मग पंचावन्न गॅलनची ठरली. तीही भरली की तीन धडधाकट माणसं मागे लोंबकळल्याइतकी जड, म्हणून पुढे लोखंडी वजनं अडकवायची.

दोन्हीकडे लांब दांड्या पसरतात तो फवारा सपाट रानाला चांगला. आमच्याकडे बांध, दगड, कुंपणाची झाडं. पहिल्याच फेरीत दांडी मोडली असती. म्हणून बिनदांडीचा घेतला. मागे दोनच तोंडं, आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा फूट फेकणारा. शिवाय हातात धरून मारायची एक बंदूक आणि तिची लांब नळी, कुंपणाच्या कोपऱ्यांसाठी. निघताना तो माणूस म्हणाला, तणनाशकाची टाकी ती तणनाशकाचीच ठेवा, दुसरं काही फवारायचं तर वेगळी टाकी घ्या.

"आम्हाला धुता येतं," मेनो म्हणाला.

मीही मान डोलावली. दोन टाक्या ठेवायच्या कुठे, असंच माझ्या मनात आलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं मला फार सोपं गेलं असतं.

फवारा आला, पण वारा थांबेना. कॅन्ससचा वारा कुणाचं ऐकतो? सकाळी पाचला उठून मेनो अंगणात उभा राहायचा, चिमूटभर वाळलं गवत सोडायचा आणि ते आडवं उडून गेलं की आत येऊन कॉफी ओतायचा. माझा पीठ मोजायचा जग त्याने पळवला. नुसतं पाणी भरून, आखलेल्या अंतरावर ट्रॅक्टर चालवून, एका तोंडातून किती पडतं ते त्या जगाने मोजलं, कागदावर गुणाकार केले, पुसले, परत केले. फवाऱ्याला लागलेला जग परत पिठात नको, म्हणून मी तो कचऱ्यात टाकला. पंधरातले अकरा दिवस गेले. रोज कुंपणापलीकडे लवोना वाकून टोमॅटो बांधायची आणि मान वर न करता आमच्याकडे बघायची.

बाराव्या दिवशी वारा पडला. मेनोने रबरी हातमोजे चढवले, टाकी भरली, कुठे मारलं ते दिसावं म्हणून त्यात निळा रंग घातला. मी बांधाखाली उभी होते. पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. बांधाच्या चढावर टाकीतलं पाणी मागे सरकलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढचं डावं चाक जमिनीवरून उठलं. वीतभर उठलं. तिथेच फिरत राहिलं. मेनोने ट्रॅक्टर वळवला नाही, पुढे वाकून छाती स्टिअरिंगवर टेकवली आणि रिव्हर्स टाकून तसाच सावकाश मागे खाली आला. खाली आल्यावर पाच मिनिटं बसून होता. मग चढ सोडून दिला आणि तिथला काटा बंदुकीने, पायी फिरून मारला.

रविवारी चर्चमध्ये त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. हातमोज्यातून रंग आत गेला होता, घासून निघेना. गाण्याचं पुस्तक धरलं तर सगळ्यांना दिसावं. पोरं खिदळली. लवोनाने वळून त्या हातांकडे एकदा पाहिलं आणि परत समोर तोंड केलं.

तण-खात्याचा ट्रेंट तपासायला आला. तिशीतला, गोरापान, अदबीने बोलणारा माणूस. पत्र पाठवणारा तोच, पण वारा आहे म्हणून फोनवर चार दिवस वाढवून देणाराही तोच. काटा वेडावाकडा होऊन माना टाकून उभा होता. ट्रेंट म्हणाला, काका, उत्तम काम केलंत. मेनो दिवसभर शीळ घालत होता. संध्याकाळी आम्ही दोघांनी टाकी धुतली. तीनदा. नळी मी धरली होती. शेवटचं पाणी काचेसारखं स्वच्छ आलं.

जुलैत पाऊस गेला तो गेलाच. पाच आठवडे थेंब नाही. नळाच्या कंपनीने बागेला पाणी घालायला बंदी केली. आणि एका सोमवारी लवोनाला पोटात कळ येऊन गाडीत घालून इस्पितळात न्यावं लागलं. पित्ताशय फुटलं होतं. ऑपरेशन झालं, आठवडाभर तिथेच राहणार असं कळलं. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की विचारत बसत नाहीत, कामं वाटून घेतात. कुणी मांजर घेतलं, कुणी कोंबड्या. टोमॅटोंचं नाव कुणी काढेना, कारण पाणी कुठून आणायचं?

जेवताना मेनोने काटाचमचा खाली ठेवला.

"तळ्यात पाणी आहे अजून," तो म्हणाला. "मी घालतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. बारा वर्षांत त्या घराच्या वाटेवर त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. पाणी न्यायचं कशात, तर टाकी होतीच. धुतलीय ना, मी विचारलं. तीनदा, तो म्हणाला, तूच होतीस की. आणि तिथेच विषय संपला.

त्याने ट्रॅक्टर तिच्या वाफ्याच्या टोकाला उभा केला आणि बंदुकीच्या नळीने पाणी घालायला सुरुवात केली. नळी सहा ओळींपर्यंत पोचत होती. पलीकडच्या पाच ओळींना मी झारीने घातलं, तिच्या पागोळीखालच्या पिंपात अर्धं पाणी होतं ते काढून. मंगळवारी घातलं, गुरुवारी घातलं. उन्हाने रोपं माना टाकून होती, ती संध्याकाळी उभी राहिली. मेनो प्रत्येक रोपापाशी थांबून बुंध्याला, पानांना, सगळीकडे पाणी देत होता. खांदा दुखत होता, पण थांबला नाही. माणूस मनातून मऊ झाला की हातातून कळतं. त्या दोन दिवसांत त्याचे हात मला लग्नाच्या वेळचे वाटले.

पुढच्या सोमवारी लवोना घरी आली. मंगळवारी, पोटावर हात धरून, कुरणातून चालत आमच्या दारात. हातात रुमालात बांधलेले झ्वीबाक, ते एकावर एक गोळा ठेवून भाजलेले पाव, सासूबाई करायच्या तसे. शेजारणीने आणून दिलेल्यातले निम्मे. ती आमच्या स्वयंपाकघरात बसली. मेनो उभाच.

"पाणी घातलंस," ती म्हणाली.

"हं."

"बरं केलंस."

एवढंच. मग कॉफी, मग ऑपरेशन, मग पाऊस. अर्ध्या तासाने ती गेली. मेनोने तिचा कप स्वतः विसळला आणि खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. रडत होता तो, मला माहीत आहे.

बुधवारी कपडे वाळत घालताना मी कुंपणापलीकडे पाहिलं आणि हातातली चादर तशीच राहिली. अलीकडच्या सहा ओळींचे शेंडे खाली वळले होते. जवळ गेले. पानं पिळवटून दोरीसारखी झालेली, देठ फिरकीसारखे वाकलेले. पलीकडच्या पाच ओळी, झारीच्या, सरळ उभ्या. मधली सीमा पट्टीने आखावी इतकी सरळ. असंच वळलेलं मी मे महिन्यात पाहिलं होतं, आमच्याच कुरणात. काट्याचं.

मेनोला हाताला धरून नेलं. तो बघत उभा राहिला. मग घरी येऊन तणनाशकाच्या डब्यासोबतचं पुस्तक शोधलं. बारीक अक्षरांत होतं: हे तणनाशक रबरी नळीच्या अंगात मुरतं, नुसत्या पाण्याने निघत नाही; अमोनियाचं पाणी नळीसकट रात्रभर भरून ठेवा; तरीही ती टाकी टोमॅटो, द्राक्षं, कपाशीला कधीही वापरू नका. टोमॅटोचं नाव पहिलंच होतं. मेनो ते बोटाने धरून वाचत होता आणि पुन्हा पुन्हा मला एकच म्हणत होता, तीनदा धुतली होती, अर्डिस, तीनदा.

"जा आणि सांग तिला," मी म्हटलं.

"सांगेन."

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. बारा वर्षांनी आलेली बहीण, तिला काय सांगणार, की तू इस्पितळात होतीस तेव्हा मी तुझी बाग जाळली? ती म्हणणारच, काट्याच्या पत्राचा सूड उगवलास. कोणीही म्हणेल. मी त्याला ढकलत होते, आणि खरं सांगायचं तर मनातून मीही धजत नव्हते. शनिवारी ती बाजाराला गेली नाही. मी कपडे काढत होते तेव्हा ती कुंपणाशी आली.

"अर्डिस," ती म्हणाली, "पाणी तूही घातलंस म्हणे. कुठल्या ओळींना?"

"आठवत नाही बाई," मी म्हटलं. "दोघं मिळून घालत होतो, इकडे तिकडे."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हळूहळू घराकडे गेली. आयुष्यात मी बरंच काही केलंय, पण त्या वाक्याइतकी लाज मला कशाची वाटलेली नाही.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एकच चर्चा. त्या आठवड्यात ट्रेंटने कौंटीच्या गाडीतून रस्त्याकडेचं तण मारलं होतं, वारा असणार, तेच उडून लवोनाच्या बागेत गेलं. सरकारचा तपासनीस शुक्रवारी येऊन पानं नेणार. ट्रेंटचा परवाना जाणार, म्हणाले. लवोना मधोमध उभी होती, हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मेनो गाडीत जाऊन बसला होता.

बुधवारी दुपारी ट्रेंट आमच्याकडे आला. टोपी हातात. डोळ्यांखाली काळं. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, हे त्याने सांगितलं नाही, पण गावाला ठाऊक होतं. तो म्हणाला, काका, मी त्या दिवशी वारा मोजूनच फवारलं होतं, वहीत आहे. पण वहीवर कोण विश्वास ठेवणार? तुमचं कुरण मध्येच आहे. तुमच्याकडे एक तरी पान वळलंय का? नसेल तर तसं त्यांना सांगाल का?

"तुमच्या शब्दाला इथे किंमत आहे," तो म्हणाला.

मेनोने त्याच्या टोपीकडे पाहिलं. मग बुटांकडे. मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, बोल, आत्ता बोल. तो म्हणाला, "तुझी चूक नाही ती." ट्रेंटला वाटलं दिलासा देतोय. मान हलवून तो गाडीकडे गेला. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मेनो तिथेच होता. मग त्याने घरात येऊन तोंड धुतलं, स्वच्छ शर्ट मागितला. मी बाही धरली.

आम्ही चालत गेलो. ऊन मी म्हणत होतं, गवत पायाखाली करकरत होतं. लवोना पडवीत बसून शेंगा निवडत होती. मेनो पायरी चढला नाही. खाली उभा राहून, टोपी काढून, सगळं सांगितलं. टाकीत काय होतं, किती वेळा धुतली, पुस्तकात काय लिहिलंय, त्याने कधी वाचलं. "मुद्दाम नाही केलं," शेवटी म्हणाला. "पण केलं मीच. आणि आठ दिवस गप्प बसलो, तेही मीच."

मी म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले, लवोना."

लवोनाने शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं.

"वाऱ्याने आलं असतं तर रस्त्याकडचं तुमच्या कुरणातलं आधी गेलं असतं," ती म्हणाली. "हे नळीच्या लांबीइतकंच गेलंय. सहा ओळी. मला बुधवारीच कळलं."

मेनोने मान वर केली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू येतोस का ते बघत होते. तपासनीस शुक्रवारी आहे. अजून दोन दिवस होते तुझे."

"आणि आलो नसतो तर?"

"तर तो वळलेल्या पानावरून तुझ्या टाकीपर्यंत आपणच चालत आला असता. आणि मी तुझ्या दारात परत कधी आले नसते." तिचा आवाज आता हलला. "त्या पोराची बिचाऱ्याची झोप उडाली. तुझ्यापायी, आणि माझ्याही. ये वर. फोन आत आहे."

मेनो आत गेला. बारा वर्षांनी त्या घरात. आधी ट्रेंटला फोन केला, मग सरकारी कचेरीत. लवोना शेजारी उभी राहून फोनचे आकडे सांगत होती. कचेरीतल्या बाईने त्याला नाव दोनदा उच्चारायला लावलं, गुन्हेगाराला विचारावं तसं, आणि तो दोन्ही वेळा अक्षर अक्षर सांगत गेला.

बाहेर आल्यावर तो पायऱ्या उतरला. आता ती दार लावणार, मला वाटलं. लवोनाने पडवीच्या कठड्याला धरून वाफ्याकडे पाहिलं.

"त्या सहा ओळी मुळासकट काढायच्या," ती म्हणाली, "मला वाकता येत नाही अजून. आणि उरलेल्या पाचांना रोज पाणी लागेल."

"सकाळी येतो," मेनो म्हणाला.

"टाकी आणू नकोस."

"नाही."

"बादली आण. दोन आण. आणि खांदा दुखला तर बसायचं मध्ये, मरायचं नाही माझ्या वाफ्यात."

दुसऱ्या दिवशी सहाला तो निघाला तेव्हा मी त्याला शर्ट चढवला. तळ्यापासून तिच्या वाफ्यापर्यंत चारशे पावलं आहेत. त्या दिवशी त्याने सव्वीस खेपा केल्या, आणि प्रत्येक खेपेला लवोना पडवीतून ओरडायची, सांडतंय रे, सांडतंय.